सांडपाणी ओढ्याला लागण्याआधी

पावसाळा सरला की पंचगंगेवरच्या आणि कृष्णेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घातले जातात. वाहती नदी तुकड्यातुकड्यांनी अडते. उसाला पाणी मिळते, काठच्या विहिरींची पातळी टिकते, आणि गावोगावच्या ओढ्यांतून आलेले सांडपाणीही त्याच बंधाऱ्यांच्या पोटात साठत राहते. फेब्रुवारी उलटला की पाण्यावर हिरवट-काळपट रंग चढतो, केंदाळ काठापासून मध्यापर्यंत सरकते. शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी उन्हाळ्यात अनेकदा वाचायला मिळालेली आहे.

या घाणीत मोठा वाटा शहरांचा आणि कारखान्यांचा आहे, यात शंका नाही. त्यांच्याकडून हिशोब मागितलाच पाहिजे. पण नदीकाठच्या दोन-अडीच हजार वस्तीच्या गावाचे गटारही शेवटी नदीलाच जाऊन मिळते, आणि खालच्या गावाची जॅकवेल बहुधा त्याच पाण्यात उभी असते. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला की काय होते, हे पंचगंगेच्या काठाने तेव्हा पाहिले. अशा लहान गावाने आपल्यापुरते काय करावे, कुठून सुरुवात करावी आणि कशाच्या नादी लागू नये, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी आकडे बघू. जलजीवन मिशन 2019 मध्ये सुरू झाले तेव्हा माणशी रोज 55 लिटर पाणी हे ग्रामीण भागाचे माप ठरले. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण 65 ते 80 टक्के पाणी मोरीतून आणि न्हाणीतून बाहेर पडते. दोन हजार लोकांच्या गावात म्हणजे रोज एक लाख दहा हजार लिटर पाणी येते आणि 70 टक्क्यांच्या हिशोबाने 77 हजार लिटर सांडपाणी निघते. हे पाणी किती घाण आहे, ते त्यातील सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्यावरून मोजतात. त्याला बीओडी म्हणतात. आंघोळीच्या योग्यतेच्या नदीत ही प्राणवायूची मागणी लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर असू नये, असा मापदंड आहे. गावच्या गटारात ती सहज 200 च्या आसपास असते. म्हणजे गटाराचे पाणी नुसते मिसळून आंघोळीलायक करायचे, तर त्यात साठ-सत्तर पट आणि तेही मुळातच निर्मळ पाणी लागेल. 77 हजार लिटरला रोज 50 लाख लिटर. एप्रिलमध्ये बंधाऱ्यामागे उभ्या राहिलेल्या नदीकडे असे वाहते पाणी नसते, हे काठावरच्या कोणालाही सांगावे लागत नाही.

गावाने पहिले काम करायचे ते मोजणीचे. त्याला यंत्र लागत नाही. ओढ्याला जिथे गटार मिळते तिथे पाइपाच्या तोंडाखाली 15 लिटरची बादली धरायची आणि मोबाइलच्या घड्याळावर ती भरायला लागणारे सेकंद लिहून घ्यायचे. सकाळी साडेसहापासून दहापर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाने, मग दुपारी दोनदा, संध्याकाळी दोनदा. चार-पाच दिवस, त्यात एक बाजाराचा किंवा सणाचा दिवस हवा. शाळेतली आठवी-नववीची मुले हे काम फार मनापासून करतात. त्या तोंडाशी उभे राहिले की गावाचा दिवसच डोळ्यांपुढून वाहत जातो. सातच्या सुमारास आंघोळीचे कोमट, साबणाने पांढरे झालेले पाणी धो धो येते. आठ-साडेआठला तांदूळ धुतलेले दुधट पाणी आणि भांड्यांची राख-पावडर, मग धुण्याचा फेस. अकरानंतर बोटभर धार उरते. त्या वेळी ती धार काळी असेल आणि कुजक्या अंड्यासारखी घाण मारत असेल, तर वर कुठे तरी सेप्टिक टँकचा सांडवा गटारात सोडला आहे असे धरून चालावे. ही खूण वहीत वेगळी लिहून ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

मोजणी झाली की गावात बहुतेक वेळा एकच मागणी पुढे येते: सिमेंटची गटारे करा. गल्ली कोरडी दिसते, दारातला चिखल जातो, उद्घाटनाला फोटोही चांगला येतो. पण गटार पाण्याला शुद्ध करत नाही, ते फक्त त्याची जागा बदलते. घरोघरी परसात थोडे थोडे मुरणारे, केळी-अळूच्या मुळांना लागणारे पाणी गटार एका ठिकाणी गोळा करते आणि नदीकडे जलद नेते. गावे स्वच्छ दिसू लागली आणि त्याच गावांची नदी घाण होत गेली, याचे एक मोठे कारण हेच आहे. म्हणून क्रम उलटा लावायला हवा. घरात जेवढे जिरवता येईल तेवढे घरात, उरलेले गल्लीत, आणि तिथेही न जिरणारे तेवढेच ओढ्याच्या तोंडाशी शुद्ध करायचे. मैल्याचे पाणी मात्र या वाटेवर कुठेच यायला नको. त्याची वाट पहिल्यापासून वेगळी.

घरच्या घरी जिरवण्याचे साधन म्हणजे शोषखड्डा. महाराष्ट्रात याला नवे रूप दिले ते नांदेड जिल्ह्याने. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघड्या गटारांची गरजच संपवली. पाणी साचणे थांबले तसे डासही गेले. पुढे जिल्हा परिषदेने तीच पद्धत मोहीम म्हणून गावोगाव नेली आणि लोकांनी त्या खड्ड्याला मॅजिक पिट हे नाव दिले.

जादू त्यात काही नाही, बांधणी आहे. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. तळाला दगडांचा थर देऊन त्यावर मधोमध सिमेंटची उभी टाकी बसवतात. टाकीच्या अंगाला वरच्या बाजूस चार भोके असतात आणि तिला झाकण असते. मोरीचा पाइप थेट या टाकीत सोडायचा. खरकटे, केस, साबणाचा साका टाकीच्या तळाशी बसतो आणि वरचे निवळलेले पाणी भोकांतून बाहेरच्या दगडांत उतरते. टाकी आणि खड्ड्याची भिंत यांच्यामधल्या जागेत खाली मोठे डबर, त्यावर मध्यम दगड, वर बारीक खडी. सगळ्यावर गोणपाट किंवा प्लॅस्टिकचा कागद अंथरून माती लोटायची, म्हणजे वरची माती दगडांत उतरत नाही. टाकीचे झाकण मात्र मातीखाली गाडायचे नाही. जुने शोषखड्डे दोन-तीन वर्षांत तुंबायचे, कारण खरकटे थेट दगडांत जाऊन बसायचे आणि ते काढायचे तर सगळा खड्डा उकरावा लागे. इथे झाकण उघडून टाकीतला गाळ काढला की काम भागते. तो गाळ उकिरड्यावर टाकावा, गटारात नव्हे.

आता नदीकाठच्या गावाने इथेच थांबून नीट विचार करायला हवा. नांदेडचा खड्डा जसाच्या तसा उचलला आणि तो फसला, असे होऊ शकते. पाणी मुरते ते मुख्यतः खड्ड्याच्या चार भिंतींतून. चार-चार-चार फुटांच्या खड्ड्याला भिंतीचे 64 चौरस फूट, म्हणजे सहा चौरस मीटरच्या आसपास क्षेत्र मिळते. पाच माणसांच्या घराचे रोजचे सांडपाणी 200 लिटर धरले, तर प्रत्येक चौरस मीटरने रोज 33 लिटर प्यायला हवे. बारीक वाळूची जमीन किंवा चांगला मुरूम एवढे पाणी वर्षानुवर्षे पितो. घट्ट चिकणमाती 10 लिटरच्या वर जात नाही, आणि फुगणारी, भेगा पडणारी काळी जमीन त्याहूनही कमी. म्हणजे काळ्या रानातल्या त्याच घराला 20 चौरस मीटर भिंत लागेल, सांगितलेल्या मापाच्या तिपटीहून जास्त. म्हणून काळ्या मातीत खड्डा घ्यायचा तर काळवट संपून मुरूम लागेपर्यंत खाली जावे. मुरूम लागतच नसेल तर तिथे हा खड्डा घेऊ नये.

हे अंदाजाने ठरवू नये, पाणी ओतून ठरवावे. खड्डा जिथवर खोल न्यायचा आहे त्या पातळीला वीतभर रुंदीचे भोक करावे, ते रात्रभर पाण्याने भिजत ठेवावे. सकाळी त्यात पुन्हा सहा इंच पाणी भरून पट्टी धरावी आणि एक इंच पाणी उतरायला किती मिनिटे लागतात ते पाहावे. अर्ध्या तासाच्या आत उतरले तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागत असेल तर खोल खड्ड्याऐवजी उथळ, लांब पाझरचर करावा. छिद्रांचा पाइप, भोवती खडी, वर माती, आणि काठाने केळी किंवा कर्दळ. एक तासाहून जास्त लागला तर ती जमीन पाणी पिणार नाही हे मान्य करून त्या घराचे पाणी सामाईक व्यवस्थेकडे न्यावे. कोरड्या भोकात एकदाच पाणी ओतून 'बघा, लगेच मुरले' म्हणणे ही फसवणूक आहे. कोरडी माती पहिल्यांदा भराभर पितेच.

दुसरी अडचण भूजलाची. नदीकाठी पाणी वर येते, आणि ते मे महिन्यात दिसत नाही. ऑगस्टमध्ये शेजारच्या विहिरीत पाणी किती फुटांवर असते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे. खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातले भूजल यांत निदान दीड-दोन मीटर माती उरायला हवी. ती माती पाणी गाळते. ती उरत नसेल तर सांडपाणी न गाळताच विहिरीत जाते. विहीर, आड किंवा हातपंपापासून निदान 10 ते 15 मीटर अंतर ठेवावे. नदीवेशीजवळची सखल गल्ली, जिथे 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत पाणी उभे राहिले, तिथे खड्ड्यांचा हट्ट धरू नये. तिथली घरे पाइपने जोडून पाणी वरच्या अंगाला नेणेच बरे.

गोठ्याचे पाणी शोषखड्ड्यात कधीच सोडू नये. म्हशीच्या एका दिवसाच्या शेणमुताने होणारी गच्च साय घरच्या महिनाभराच्या खरकट्यापेक्षा खड्ड्याला लवकर मारते. गोठ्याची नाली गोबरगॅसला किंवा खताच्या खड्ड्याला जोडावी. स्वयंपाकाचे तेल मोरीत ओतू नये, आणि मोरीच्या तोंडाला बारीक जाळी हवीच.

परसबाग हा शोषखड्ड्याला पर्यायही आहे आणि जोडही. केळी, अळू, पपई, कर्दळ, शेवगा यांना मोरीचे निवळलेले पाणी मानवते. कोथिंबीर, मेथी, मुळा, कांद्याची पात अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या किंवा जमिनीलगतच्या भाज्यांना ते देऊ नये. धुण्याच्या सोड्याचे पाणी रोज एकाच वाफ्यात गेले तर काळी जमीन चोपण पडू लागते. म्हणून वाफे आलटूनपालटून भिजवावेत.

आता मैल्याचा प्रश्न. गावातले सर्वांत धोकादायक पाणी हेच आहे आणि चर्चेत सर्वांत कमी येणारेही हेच. अनेक घरांत अभिमानाने सांगतात, 'आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसली नाही.' ज्या टाकीला पक्का तळ आहे आणि जी रोज वापरात आहे, ती वीस वर्षे भरत नाही असे होत नाही. एक तर तिला तळच नाही आणि मैला थेट भूजलात उतरतो आहे, नाहीतर तिचा सांडवा गटारात आहे आणि मैला ओढ्याने नदीत जातो आहे. नीट बांधलेला सेप्टिक टँकसुद्धा घाणीचा अर्धा भारही पुरता उतरवत नाही, आणि रोगजंतू तर बहुतांश तसेच बाहेर येतात. म्हणून टाकीचा सांडवा शोषखड्ड्याला किंवा पाझरचराला जोडणे हा टाकीचाच भाग आहे, वरचा खर्च नव्हे. गावाने मैल्यापुरता एक नियम कडक करावा: सेप्टिक टँकचा एकही पाइप उघड्या गटारात नको. सकाळी अकरानंतर काळी धार वाहणाऱ्या गल्लीपासून शोध सुरू करावा. गटाराच्या कडेने वर चालत गेले की पाइप सापडतो.

नवे घर बांधणाऱ्याला गवंडी बहुधा मोठी टाकीच सुचवतो. जिथे जमीन मुरमाड आहे आणि भूजल खोल आहे, तिथे दोन खड्ड्यांचे शौचालय स्वस्तही आहे आणि सुरक्षितही. सुमारे तीन फूट व्यासाचे, तेवढेच खोल, जाळीदार विटकामाचे दोन खड्डे, मध्ये मीटरभर अंतर, आणि वाय आकाराचे चेंबर. पाच माणसांच्या घरात एक खड्डा भरायला तीनेक वर्षे लागतात. तो भरला की चेंबरमध्ये वाट वळवून दुसरा सुरू करायचा. पहिला दीड-दोन वर्षे बंद राहिला की आतला मैला कोरडा, वास नसलेला, मातीसारखा होतो आणि शेतात घालता येतो. एका वेळी दोन्ही खड्डे चालू ठेवण्याची चूक फार घरांत दिसते. त्याने सगळा हेतूच बुडतो. चेंबरची एक वाट विटेने आणि मातीने बंद आहे ना, हे शौचालय तपासायला येणाऱ्याने झाकण उचलून पाहिलेच पाहिजे.

ज्यांच्याकडे टाक्या आहेत त्यांच्या उपशाचे काय? दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायला हवी. गाळ टाकीचा तिसरा हिस्सा व्यापू लागला की पाणी निवळायला जागा उरत नाही. कृष्णाकाठच्या वाई आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर या दोन नगरपालिकांनी या कामाला शिस्त लावली. घरमालकाच्या तक्रारीची वाट न पाहता दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी पाळीने उपसायची आणि गाळ प्रक्रिया केंद्रावर न्यायचा. खेड्याला स्वतःची गाडी आणि केंद्र परवडत नाही. पण पाच-सात गावांनी मिळून जवळच्या नगरपालिकेशी करार केला तर वर्षातून ठरलेल्या महिन्यात गाडी येऊ शकते. करारात गाळ कुठे रिकामा होणार हे लिहून घ्यावे आणि केंद्राची पोच मागावी. ती नसेल तर गाडी रात्री त्याच ओढ्यात रिकामी होण्याची भीती असते. जवळपास केंद्रच नसेल, तर पूररेषेच्या बाहेर, वस्ती आणि विहिरींपासून दूर, खोल चर खणून त्यात गाळ पुरावा आणि वर झाडे लावावीत.

टाकीत माणूस उतरवायचा नाही. दोरी बांधूनही नाही, 'फक्त दोन मिनिटे' म्हणूनही नाही. बंद टाकीतला हायड्रोजन सल्फाइड एक-दोन श्वासांत माणसाला आडवा करतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच पडतो. 2013 च्या कायद्याने संरक्षणाशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली. त्या पैशाने कोणाचाही बाप परत येत नाही. टाकी यंत्रानेच उपसायची, आणि गाडी मिळत नसेल तर मिळेपर्यंत थांबायचे.

एवढे सगळे झाल्यावरही काही पाणी ओढ्याकडे येणारच. दाट वस्तीतली परस नसलेली घरे, हॉटेल, शाळा, काळ्या मातीतली गल्ली. त्याच्यासाठी ओढ्याच्या तोंडाशी शुद्धीकरण लागते. इथे विजेवर चालणाऱ्या प्रकल्पाचा मोह टाळावा. ब्लोअर आणि पंप चालतात तोवर पाणी स्वच्छ निघते. वीजबिल थकले किंवा मोटार जळली की त्याच टाक्या डासांची पैदास करतात. लहान ग्रामपंचायतीची घरपट्टी किती गोळा होते ते पाहून हा निर्णय घ्यावा. उताराने वाहणारे पाणी, खडी, झाडे आणि ऊन यांवर चालणारी व्यवस्था गावाला झेपते.

पंजाबात जालंधर जिल्ह्यातल्या सीचेवाल गावाने हे करून दाखवले. संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी 2000 मध्ये 160 किलोमीटर लांबीच्या काली बेईं नदीच्या सफाईला हात घातला तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की गावांचे गटार नदीत येत राहिले तर काढलेली जलपर्णी पुन्हा उगवणारच. त्यांनी गावचे सांडपाणी एकामागून एक विहिरींत फिरवून त्यातला गाळ आणि तेलकट तवंग अडवला, पुढे तळ्यात ठेवले आणि तिथून पाइपने शेतात दिले. सीचेवालने पाण्याला नदीऐवजी गिऱ्हाईक शोधून दिले, यात खरी हुशारी आहे. शेतकऱ्याला त्यातले नत्र-स्फुरद फुकट मिळते, म्हणून ती व्यवस्था चालू राहावी यात त्याचाही फायदा असतो. आपल्याकडे ऊस, गजराज गवत, नेपियर, बांबू, सुबाभूळ यांना असे शुद्ध केलेले पाणी चालते.

रचनेत पहिली जाळी, प्लॅस्टिक अडवायला. ती रोज साफ करावी लागते. मग दोन-तीन तास पाणी थांबेल अशी निवळण टाकी. ही टाकी वगळून थेट खडीच्या वाफ्यात पाणी सोडले तर वाफा वर्षात चिखलाने गच्च होतो. त्यापुढे दोन पर्याय. जागा कमी असेल तर वनस्पतींचा वाफा: तळाला आणि बाजूंना पक्के अस्तर, सुमारे दोन फूट जाडीची एकसारखी खडी, तीत कर्दळ, पाणकणीस किंवा नळ, आणि पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून वाहते राहील असा किंचित उतार. पाणी वर दिसत नाही म्हणून डास होत नाहीत. माणशी 1 ते 2 चौरस मीटर जागा धरावी. 700 माणसांचे पाणी इथवर येत असेल तर दहा गुंठ्यांत काम होते. गायरान मोकळे असेल तर ओळीने तीन तळी: पहिले खोल, दुसरे छातीभर, तिसरे उथळ, म्हणजे ऊन तळापर्यंत जाऊन जंतू मारते. तळ्यांच्या काठचे गवत कापत राहावे आणि गप्पी मासे सोडावेत. जागा निवडताना 2019 चा पूर कुठवर आला होता ते पाहावे.

पैशाचा हिशोब सरळ आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्याने 5,000 पर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद ठेवली. त्यातले 70 टक्के मिशनमधून आणि 30 टक्के पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून. दोन हजारांच्या गावाला म्हणजे 5 लाख 60 हजार. चारशे घरांत वाटले तर घरामागे 1,400 रुपये. एवढ्यात खोदाई, डबर आणि टाकी बसत नाही. म्हणून खोदाईची मजुरी रोजगार हमीच्या कामातून आणि दगड घरमालकाकडून, असा मेळ घालणारी गावेच पुढे गेली. योजनांची नावे आणि दर बदलत असतात. आराखडा करण्याआधी पंचायत समितीतून चालू वर्षाचे दर लेखी घ्यावेत. आणि एक बाब आराखड्यात पहिल्याच दिवशी हवी: जाळी, निवळण टाकी आणि वाफा बघणाऱ्या माणसाचा महिन्याचा पगार. बांधकामाला निधी मिळतो, या पगाराला मिळत नाही. तो पाणीपट्टीबरोबर घरामागे थोडी रक्कम लावून उभा करावा आणि ग्रामसभेत ठराव करून लिहून ठेवावा. हा ठराव नसेल तर वाफा बांधू नये. शोषखड्ड्यांवरच थांबावे.

वेळापत्रक नदीचे धरावे. खोदाई जानेवारी ते मे, कारण तेव्हा माती कोरडी आणि मजूर मोकळे. मे अखेर प्रत्येक मॅजिक पिटची टाकी रिकामी करावी, सेप्टिक टँकची झाकणे सिमेंटने घट्ट बसवावीत आणि ओढ्यातला गाळ काढावा. पूर येऊन गेलेल्या घरांनी पाणी ओसरल्यावर टाकी उपसून घ्यावी, कारण पुराचा गाळ तिला अर्धी भरतो. बरगे घालण्याआधी ऑक्टोबरमध्ये निवळण टाकी साफ झालेली हवी. ती राहून गेली तर सगळा गाळ बंधाऱ्यामागे जाऊन बसतो.

काम जमते आहे की नाही, याची तपासणी गावातच होते. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण दिलेले असते. त्यांच्याकडच्या संचातली एच टू एस बाटली खुणेपर्यंत भरून झाकण लावायचे आणि उबदार जागी ठेवायची. 24 ते 48 तासांत पाणी काळे पडले तर त्यात मैल्याचा अंश आहे. नदीच्या पाण्यावर ही बाटली वाया घालवू नये, ती तिथे काळी पडणारच. शोषखड्ड्यांच्या जवळच्या विहिरी, आड आणि हातपंप यांचे पाणी तपासावे. एकदा मेमध्ये, एकदा ऑगस्टमध्ये. नदीसाठी गावाच्या वर आणि गावाच्या खाली असे दोन नमुने बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यावेत आणि बीओडी व मैल्याचे जंतू या दोन्हींची तपासणी मागावी. दोन नमुन्यांतला फरक हाच गावाचा वाटा, वरच्या गावाचा त्यात दोष नाही. निकाल चावडीवर लावावा. मेमध्ये चांगली असलेली विहीर ऑगस्टमध्ये काळी बाटली दाखवत असेल, तर जलसुरक्षकाने टीसीएल पावडर वाढवून प्रश्न झाकू नये. क्लोरिन तर द्यावेच, पण त्याच आठवड्यात विहिरीभोवतीच्या पंधरा मीटरांत कोणाचा खड्डा भूजलाला टेकला आहे ते शोधावे, तो बुजवावा आणि त्या घराला पाइप जोडून द्यावा, ग्रामपंचायतीच्या खर्चाने.